फिरणारी मोटर आणि थांबणारी मोटर

हळद, मिरची, डाळी इत्यादि माल कच्चा न विकतां दळून, पिशव्या भरून विकावा, या हेतूनें शेतकऱ्यांच्या संस्थांनीं व कंपन्यांनीं ठिकठिकाणीं प्रक्रियाकेंद्रें काढलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यंत्रें विकणारे आतां तेथें येऊन सांगतात कीं, जुन्या इंडक्शन मोटरी काढा व सर्वत्र सर्व्हो मोटरी बसवा. हा सल्ला सर्वस्वीं खोटा नाहीं. पण सरसकट मानण्याजोगाही नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. पैसा सभासदांच्या भागभांडवलाचा आहे; म्हणून ठराव करण्यापूर्वीं दोन्ही मोटरींचा स्वभाव समजून घेणें अवश्य आहे.

इंडक्शन मोटर विहिरीवरील पंपामुळें आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. चार ध्रुवांच्या मोटरींतील चुंबकीय क्षेत्र आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर मिनिटास १,५०० फेरे घेतें. पण मोटर स्वतः भाराखालीं सुमारें १,४४० फेरेच घेते, आणि भार वाढला कीं आणखी थोडी मागें पडते. तिला फिरणें ठाऊक आहे. नेमकें कोठें थांबावें हें ठाऊक नाहीं. सर्व्हो मोटरीच्या आंसावर एन्कोडर नांवाचें मोजणारें साधन असतें. आंस किती फिरला हें तें क्षणोक्षणीं ड्राइव्हला कळवितें, आणि ड्राइव्ह हुकूम व प्रत्यक्ष स्थिति यांतील अंतर पाहून वीज कमीजास्त करतो. म्हणून ही मोटर ठरलेल्या जागीं थांबते.

आतां हिशेब पाहूं. हळदपूड भरणाऱ्या यंत्रांत एक मळसूत्र ठराविक फेरे फिरून पिशवींत पूड सोडतें. साध्या मोटरीवर हें काम क्लच व ब्रेक यांच्याकडून करवितात. त्यांचें अस्तर झिजलें कीं मळसूत्र थोडें पुढें जाऊन थांबतें. १०० ग्रॅमच्या पिशवींत २ ग्रॅम जास्त गेले, तर १०,००० पिशव्यांमागें २० किलो पूड फुकट गेली. वजन कमी भरलें, तर २००९ च्या वजनमापांच्या कायद्यान्वयें दंड, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो निराळाच. जेथें रोज हजारों पिशव्या भरतात तेथें सर्व्होवरील खर्च खुशाल करावा. मात्र पुडीची दाटी बदलली तर होणारा फरक सर्व्होला कळत नाहीं. त्यासाठीं वजनकांटा हवाच.

चक्की, चाळणी, एलिव्हेटर, पंखा यांचें काम केवळ फिरण्याचें. तेथें सर्व्हो बसविणें म्हणजे नांगराला शर्यतीचा घोडा जुंपणें होय. पंख्याची गति बदलावयाची असेल तर साध्या मोटरीलाच व्ही.एफ.डी. जोडावा, गति ८० टक्क्यांवर आणली कीं पंख्यास लागणारी शक्ति जवळजवळ निम्मी होते.

दुरुस्तीचाही विचार हवा. साधी मोटर जळाली तर तालुक्याचा मिस्त्री ती पुन्हां गुंडाळून देतो. सर्व्होंतील चुंबकें व एन्कोडर यांची जुळणी त्याच्या हातची नाहीं. शिवाय या मोटरींत बहुधा नियोडिमियमचीं चुंबकें असतात. एप्रिल २०२५ मध्यें चीननें कांहीं दुर्मिळ मृदाधातु व त्यांचीं चुंबकें यांच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, तेव्हां परदेशांतील मोठमोठे वाहनांचे कारखानेही अडचणींत आले. मग ऐन हंगामांत आपलें यंत्र बंद पडलें तर आपली काय कथा?

म्हणून आमची सूचना अशी : खरेदीच्या करारांतच ड्राइव्हच्या प्रोग्रॅमची प्रत, त्याचा पासवर्ड, एक सुटा एन्कोडर व आपल्या दोन तरुणांस शिक्षण, या गोष्टी लिहून घ्याव्यात. ज्या यंत्राची किल्ली विकणाऱ्याच्या खिशांत राहते, तें यंत्र पैसे देऊनही आपलें होत नाहीं. संचालकांनीं प्रत्येक यंत्रापुढें उभें राहून एवढेंच विचारावें : याचें काम फिरण्याचें कीं थांबण्याचें? उत्तर मिळाल्यावरच थैलीचें तोंड सोडावें.