मागाच्या छतावर सौरपट्ट्या का नाहीत?

भिवंडीच्या दोन बातम्या नेहमी वेगवेगळ्या पानांवर छापून येतात. एकीत साइझिंगच्या धुरांड्यांवर कारवाई असते, दुसरीत नवे लॉजिस्टिक पार्क आणि त्याच्या छतावरचा सौरप्रकल्प. माझ्या मते ही एकच बातमी आहे. शहरातला जुना धंदा आटतो आहे, शिवेबाहेर नवा वाढतो आहे आणि 'हरित' हे विशेषण फक्त नव्याच्या वाट्याला येते आहे.

मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल ठेवायला भिवंडी सोयीची होती. २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यात छोटी गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही आणि कंपन्यांना मोठी गोदामे हवी झाली. काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यातली भातशेती पत्र्याखाली गेली. छप्पर सलग आणि मालक एकच, मग सौरपट्ट्या बसवणे सोपेच. खाली रांगेत उभ्या ट्रकांचे डिझेल मात्र त्या हिशेबात येत नाही.

आता आपल्या मोहल्ल्यातला आठ मागांचा कारखाना घ्या. मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर, म्हणजे एकूण सहा किलोवॉट. तेवढ्या सौरपट्ट्यांना ६०० चौरस फूट मोकळे छत लागते आणि दिवसाला सरासरी २४ युनिट वीज मिळते. माग दिवसरात्र चालतात. मोटरींवर निम्माच भार धरला तरी सत्तर युनिट लागतात. एक तृतीयांश वीज घरची, हेही कमी नाही.

केंद्राची पॉवरटेक्स इंडिया योजना १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतूनच सुरू झाली. तीत छोट्या यंत्रमागधारकाला सौरऊर्जेसाठी अनुदान होते, सर्वसाधारण गटाला ५० टक्के. उरलेले पन्नास टक्के कुणाच्या खिशातून? गाळा भाड्याचा, सूत व्यापाऱ्याचे, कापड मीटरमागे मजुरीने. दुसऱ्याच्या पत्र्यावर वीस-पंचवीस वर्षांची गुंतवणूक कोण करेल? त्यात मागाला वीज सवलतीच्या दरात मिळते, म्हणून सौरऊर्जेतून वाचणारी रक्कमही छोटी. (सवलत काढा, असे मी म्हणत नाही. ती काढली तर माग आधी बंद पडेल.)

साइझिंगचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो, त्याचा बचाव करायला नको. आपल्याकडे इस्राफची चर्चा वुजूच्या पाण्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. बॉयलरमध्ये जळणाऱ्या चिंध्या आणि प्लास्टिकपर्यंत ती पोहोचत नाही. पण साइझिंगला नुसते टाळे लावले तर बीम येत नाही, माग थांबतो आणि कारीगर गोदामात कंत्राटावर खोकी उचलू लागतो. धूर कमी झाला असे कागदावर दिसेल, पण तो कमी होईल धंदा गेल्यामुळे. पाच-दहा साइझिंगना मिळून गॅसवर चालणारा एक बॉयलर, आणि सौर अनुदान गाळेमालक व भाडेकरू यांच्या संयुक्त अर्जावर, एवढी तरी मागणी आपण लावून धरायला हवी.

त्यासाठी आधी आकडे लागतील. आपल्यात डिप्लोमा आणि बीई झालेले कमी नाहीत. एका गल्लीतली वीजबिले, छतांची मापे आणि भाडेकरार एका तक्त्यात भरायला चार रविवार पुरतील. सुरुवात ज्या गल्लीत आपल्या वालिदांना ओळखतात तिथून करा, बिल दाखवायला कुणी नाही म्हणणार नाही.