प्रदीर्घ खासदारकी आणि आव्हानाची आवश्यकता

अनेकदा निवडून आलेल्या खासदाराविरुद्ध उभे राहणे हा निष्फळ खटाटोप आहे, असे मत नागपुरात लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर मांडले जाते. या मताचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी नोंदवावयाची प्रतिपक्षाची बाजू, अशी की ज्येष्ठ खासदाराचे दिल्लीत वजन असते, त्या वजनामुळे कामे मार्गी लागतात, नवख्याची पाच वर्षे संसदेचे कामकाज समजून घेण्यातच सरतात आणि पराभव समोर दिसत असताना उभे राहून काहीच साधत नाही.

या पूर्वपक्षाला पहिला छेद नागपूरचा इतिहासच देतो. २०१४ मध्ये येथील खासदार काँग्रेसचे विलास मुत्तेमवार होते. तत्कालीन चिमूर मतदारसंघातून तीनदा आणि १९९८ पासून नागपुरातून सलग चारदा, असे सात वेळा ते लोकसभेवर गेले होते आणि केंद्रात राज्यमंत्रीही राहिले होते. त्यांच्यासमोर उभे ठाकलेले नितीन गडकरी विधान परिषदेत पदवीधरांचे दीर्घकाळ प्रतिनिधी असले, तरी लोकसभेची निवडणूक ते प्रथमच लढवत होते, आणि ती त्यांनी सुमारे २.८५ लाख मतांनी जिंकली. ज्येष्ठतेचा युक्तिवाद त्या वर्षी मतदारांनी प्रमाण मानला असता, तर मेट्रो आणि महामार्गांच्या ज्या कामांचा दाखला देऊन आज आव्हान अनावश्यक ठरवले जाते, ती करणारा खासदारच नागपूरला लाभला नसता. जो निकष मुत्तेमवारांना लावला गेला नाही, तो त्यांच्या उत्तराधिकाऱ्यासाठी राखून ठेवता येत नाही.

यावर असे म्हटले जाईल की गडकरी हे भाजपचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि देशात सत्तांतराची लाट होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु लाटेचा मागमूस नसताना, २००९ मध्ये, बनवारीलाल पुरोहित यांनी मुत्तेमवारांचे मताधिक्य पंचवीस हजारांच्या आत आणले होते. ते पराभूत झाले, पण ही जागा अभेद्य नाही हे त्याच पराभवाने दाखवले. गडकरींचे मताधिक्यही पुढे २०१९ मध्ये नाना पटोले यांच्याविरुद्ध २,१६,००९ आणि २०२४ मध्ये विकास ठाकरे यांच्याविरुद्ध १,३७,६०३ इतके खाली आले. पटोले भंडारा-गोंदियाचे माजी खासदार, तर ठाकरे शहराचे माजी महापौर आणि पश्चिम नागपूरचे आमदार, हा फरक येथे दुर्लक्षिता येत नाही. विरोधी मतांची एकजूट हेही एक कारण होते, तथापि उमेदवार गावचा असण्याचे मोल या आकड्यांत दिसते.

पूर्वपक्षाची खरी दुर्बलता मात्र अन्यत्र आहे. ज्या खासदाराचे वजन सर्वाधिक मानले जाते तो बहुधा मंत्री असतो, आणि मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही; खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला कायद्याचा मसुदा, हे साधनही त्याच्याकडे उरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी डागा ले-आउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतील घरांत शिरले, सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक बुडाले. सांडव्यासमोरील विवेकानंद स्मारक पाणी अडवते हा वाद त्यानंतर नागरिकांना उच्च न्यायालयात न्यावा लागला. तलाव महापालिकेचा असला, तरी नाग नदीच्या शुद्धीकरणाला राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून केंद्राचा पैसा मंजूर आहे; म्हणजे हा प्रश्न लोकसभेचाही आहे. तो विचारणारा नागपूरचा प्रतिनिधी सभागृहात नसेल, तर प्रचाराच्या सभेत तो विचारणारा प्रतिस्पर्धी तरी असलाच पाहिजे, आणि हे काम पराभूत होणारा उमेदवारही करू शकतो.

विद्यमान प्रतिनिधीची कसोटी पक्षांतर्गतही लागू शकते; अमेरिकेत त्यासाठी प्राथमिक निवडणूक असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार ठरवतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्राउली या ज्येष्ठ प्रतिनिधीला त्यांच्याच पक्षात हरवले. काँग्रेसने २०१४ मध्ये वर्ध्यासह मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला, पण तो रुजला नाही. आपल्याकडे तिकीट दिल्लीत ठरते, त्यामुळे विद्यमान खासदाराची कसोटी लागण्याची जागा सार्वत्रिक निवडणूक हीच एक उरते, आणि तीही समान पातळीवरची नसते: खासदाराला स्थानिक कामांसाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा विकास निधी मिळतो, ज्यातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक समाजभवनाच्या कोनशिलेवर त्याचे नाव असते, तर आव्हानवीराला उमेदवारी जाहीर होईपर्यंत कोणी ओळखतही नाही.

म्हणून आव्हान हवे, आणि ते वेळेवर हवे. पुढील निवडणूक नियमित वेळापत्रकानुसार २०२९ मध्ये होईल. ज्या पक्षाला ती लढवायची आहे त्याने उमेदवाराचे नाव अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर किमान दोन वर्षे आधी जाहीर करावे, त्याला मतदारसंघातील सहाही विधानसभा क्षेत्रांत फिरू द्यावे, आणि अंबाझरीच्या सांडव्यापासून उत्तर नागपुरातील वस्त्यांपर्यंतचे प्रश्न त्याच्याकडून लेखी घ्यावेत.