पाऊस मोजू नका, वारा बघा



परवा जेटीवर वाद निघाला. एका नाखवाचा मुलगा नोकरीला ग्वाल्हेरला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, इथं लू चाललीय, पारा 45 ला टेकलाय. कसला आलाय मान्सून!" झालं. अर्धे म्हणाले, ग्वाल्हेरला मान्सून नाहीच, मान्सून आपल्या कोकणात. बाकीचे म्हणाले, पाऊस पडतो ना, मग मान्सूनच.

माझ्या मते दोघंही चुकले. ग्वाल्हेरला वर्षाचा पाऊस 1000 मिमीच्याही आत, आपल्या रत्नागिरीला 3000 च्या वर. तरी दोन्हीकडे मान्सूनच. कारण हिवाळ्यात तिथं उत्तरेचा कोरडा वारा, आणि जूनअखेर वारा फिरतो, समुद्राची ओल घेऊन येतो. उलट मॉस्कोला उन्हाळ्यातच जास्त पाऊस पडतो, पण वारा असा उलटत नाही, म्हणून तो मान्सून नाही. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येच्या वाऱ्यावर येणारा. तोही मान्सूनच.

शब्दच मुळात अरबी 'मौसिम'वरून आलाय. वाऱ्यावर शिडं हाकणाऱ्या दर्यावर्दींचा शब्द, म्हणजे आपलाच. हवामान खातंसुद्धा केरळात मान्सून जाहीर करताना नुसता पाऊस बघत नाही. पश्चिमेचा वारा किती उंचीपर्यंत आणि किती जोराचा आहे, तेही तपासतं.

आता आपल्या पोटाचा प्रश्न. बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. मध्य प्रदेशात नद्या-तलावांत ती 16 जून ते 15 ऑगस्ट, कारण तिथं पाऊस उशिरा पोचतो आणि रोहू-कटला नव्या पाण्यात अंडी घालतात. पण तारीख कागदावर असते, वारा कागद वाचत नाही. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून. 2023 साली तो 25 जूनला आला आणि 2025 साली 26 मेला! म्हणजे बंदी लागायला सहा दिवस बाकी असतानाच.

शेवटच्या फेरीचा मोह मला कळतो. डिझेल भरलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, पुढं दोन महिने घरात पैसा येणार नसतो. पण 31 मे ही शेवटची मुदत आहे, तोवर दर्या शांत राहील अशी हमी नाही.

म्हणून सोसायटीपुढं माझं म्हणणं एवढंच: 20 मेपासून रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज ग्रुपवर टाका. आणि नाखवांनो, वळवाच्या सरी पडल्या म्हणून घाबरू नका, ऊन पडलं म्हणून फसूही नका. वारा फिरला की बोट ओढा, शाकारा. फेरी एक बुडाली तर नारळी पौर्णिमेनंतर भरून निघेल. खलाशी गेला तर त्याचं घर कोण भरून देणार?

तुमचं काय मत? खाली लिहा.