गाईडातला शेतकरी आणि घरातला बाप

दहावीच्या गाईडातलं 'शेतकऱ्याचे आत्मवृत्त' एकदा उघडून वाचा. त्यातला शेतकरी जगाचा पोशिंदा असतो, काळ्या आईचा लेक असतो. पाऊस त्याला दगा देतो, तो हताश होतो आणि शेवटच्या परिच्छेदात पुन्हा आशावादी होतो. हे आत्मवृत्त आपल्या समुद्रपूर तालुक्यातली पोरगी घोकत असते, तेव्हा तिचा बाप हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाडीत नंबर लागायची वाट बघत आडवा झालेला असतो. बाप निबंधात येत नाही. आला तर मार्क जातील असं तिला वाटतं, आणि तिचं काही चुकत नाही.

माझं भांडण याच्याशी आहे. थोडं लांब लिहिते आहे, पण वाचा.

गेल्या हिवाळ्यात मी नववीतल्या नऊ पोरांना घेऊन रविवारी बसायला लागले. तीन मोबाइल, त्यातल्या एकाची काच फुटलेली. काम एवढंच की आपल्या घरातली, आपण स्वतः पाहिलेली गोष्ट पाच मिनिटांच्या आत दाखवायची आणि तिच्यावरच एक कविता लिहायची. पहिल्या रविवारी नऊपैकी सात कविता 'माय' वर आल्या. सातही एकसारख्या, वात्सल्य आणि सागर. मग मी सांगितलं, घरातली एक वस्तू घ्या, आणि माय, दुःख, अश्रू हे शब्द वापरायचे नाहीत. एका पोराने बापाच्या फवारणीच्या पंपावर आठ ओळी आणल्या. पट्टा कुठे तुटला, तो कशाने बांधला, पंप घरात कुठे ठेवतात आणि लहान बहिणीला तिकडे का जाऊ देत नाहीत. बस. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने किती घरं बसली ते आपण पेपरात वाचलंय. त्या पोराने पेपर वाचला नव्हता, पंप पाहिला होता.

एका पोरीने मायची कापूस वेचणी शूट केली. मी शहाणी, उजेड बरोबर नाही म्हणून मायला दोनदा तेच करायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या शूटिंगात माह्यं दोन किलो गेलं ना बाप्पा. वीस रुपये कोण देते?" पोरीने ते वाक्य कापलं नाही. मी कापायला सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं. फिल्ममधली सगळ्यात खरी जागा तीच होती.

पुढे काय झालं ते ऐका. शाळेच्या गॅदरिंगमध्ये फिल्म दाखवायची ठरली. आदल्या दिवशी निरोप आला की कर्जाबद्दल माय बोलते तेवढं काढा, पाहुणे येणार आहेत, काहीतरी पॉझिटिव्ह दाखवा. आणि मी, नऊ रविवार 'तुमचं तुम्ही सांगा' म्हणणारी मी, त्या पोरीला समजवायला गेले की पन्नास सेकंदांचाच तर प्रश्न आहे. ती म्हणाली, "मग नका दाखवू." फिल्म दाखवली नाही. त्या जागी देशभक्तीपर नृत्य झालं.

विदर्भावर फिल्मा कमी झाल्यात का? २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत आपला वर्धा होता. तेव्हापासून कॅमेरे येतच आहेत. 'निरोज गेस्ट्स' आली २००९ ला, 'कॉटन फॉर माय श्राउड' आणि 'बिटर सीड्स' २०११ ला. चांगल्या फिल्मा आहेत, बनवणाऱ्यांबद्दल आदरच आहे. 'बिटर सीड्स'मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातली एक पोरगी आहे, बापाने आत्महत्या केलेली, पत्रकार होऊ पाहणारी. पण तीसुद्धा दुसऱ्याच्या फिल्ममधलं पात्र आहे. वीस वर्षं आपण कॅमेऱ्यासमोर बसलोय. कॅमेऱ्यामागे आपलं पोरगं कधी उभं राहणार?

२०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. स्वतःचं जगणं स्वतः बोलणारी शेतकरीबाई मंचावर उभी राहिली की सभागृह कसं ऐकतं, ते तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. २०२३ ला संमेलन आपल्या वर्ध्यात झालं. मंडप भरला, पुस्तकं विकली गेली, छान झालं. त्यातलं आपल्या वर्गांत काय पोचलं, हे कोणत्याही नववीच्या पोराला विचारा.

आणि हे वर्धा आहे हो! १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरचे शिक्षणवाले इथेच जमले होते. झाकिर हुसेन समिती तिथूनच निघाली, मग सेवाग्रामची नई तालीम. हाताने केलेल्या कामातून शिकायचं, हे त्याचं सार. आज आपल्याकडे २ ऑक्टोबरला वक्तृत्व स्पर्धा होते आणि चरखा कधी हातात न धरलेली पोरं पाठ केलेलं भाषण सात मिनिटांत संपवतात. सेवाग्रामच्या आनंद निकेतनसारखी शाळा वेगळं करू पाहते, म्हणून ती अपवाद म्हणून दाखवायला आपल्याला बरी पडते.

मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. मोबाइलने पोरं बिघडतात. अहो, मोबाइल त्यांच्या हातात आहेच, रील बघायला. दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे: घरातलं दुःख चव्हाट्यावर कशाला? बरोबर. पोरांना कॅमेऱ्यासमोर रडवून देणगीदारांना पाठवणारे लोक मी पाहिलेत, त्यांचा मला संताप येतो. म्हणून आमच्याकडे घरचा माणूस 'नाही' म्हणाला की क्लिप त्याच्यासमोर डिलीट. फिल्म पोराची, मोबाइलही त्याच्याच हातात, मी कुठे टाकणार नाही. एका पोराने सगळं शूट करून शेवटी काहीच दाखवलं नाही. मी त्याला का म्हणून विचारलंही नाही.

मागणी फार मोठी नाही. दहावीच्या मराठीला अंतर्गत २० गुण आहेत. ते कसे वाटले जातात ते आपण सगळे जाणतो. त्यातले काही गुण पोराने स्वतःच्या घराबद्दल केलेल्या एका फिल्मला किंवा कवितेला द्या. याला ना बजेट लागतं, ना जीआर. मुख्याध्यापकाची हिंमत लागते.

ती फिल्म शेवटी त्या पोरीच्या घरच्या अंगणात दाखवली, भिंतीला मोबाइल टेकवून. वीसेक माणसं होती. माय सगळं बघून म्हणाली, "त्या दिवशी बावीस किलो नव्हतं, चोवीस होतं." पोरीने तिथेच वहीत दुरुस्त केलं.

येत्या रविवारी सकाळी दहाला नवी बॅच बसते आहे. जागा इनबॉक्समध्ये सांगते. घरात जुना चालू मोबाइल पडला असेल तर आणून द्या. चार्जरसकट.