जेऊरचा आवाज दिल्लीपर्यंत

करमाळा शहराला रेल्वे नाही. तालुक्याचा माणूस पुण्या-मुंबईला निघाला की जेऊर स्थानक गाठतो. म्हणूनच इथे एखादी गाडी थांबणे किंवा न थांबणे हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे, आणि त्याचा निर्णय मुंबईत नव्हे, केंद्राच्या रेल्वे खात्यात होतो.

जेऊर माढा लोकसभा मतदारसंघात येते. 2009 साली शरद पवार इथूनच निवडून गेले, तेव्हा ते केंद्रीय कृषिमंत्री होते. 2024 पासून धैर्यशील मोहिते-पाटील खासदार आहेत. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण, माण असा हा दोन जिल्ह्यांत पसरलेला मतदारसंघ. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी ऊस आणि केळी, तर माणमध्ये प्यायच्या पाण्याची वणवण!

एवढे सगळे मांडायला खासदाराला लोकसभेच्या शून्य प्रहरात मोजकी मिनिटे मिळतात. नियम 377 खाली विषय लेखी देता येतो, तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. ही साधने नेटाने वापरलीच पाहिजेत.

गावचा प्रश्न आणि देशाचा प्रश्न असे दोन कप्पे करणे आम्हाला मान्य नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती बंदी मे 2024 मध्ये उठली. धोरण राष्ट्रीय होते, भाव मात्र सोलापूरच्या बाजारात कोसळले. आता खासदाराने प्रत्येक अधिवेशनानंतर करमाळ्यात येऊन कोणता प्रश्न मांडला, काय उत्तर आले, हे लोकांपुढे ठेवावे.