चोवीस जणांच्या खोलीतली कुरकुर

भावांनो, साइटवर कुरकुर रोजचीच. एकाचा ओव्हरटाइम कापला, दुसऱ्याला प्यायला पाणी नाही, तिसऱ्याच्या डोक्यावर एजंटाचं कर्ज. रात्री खोलीत जो तो आपापलं रडगाणं गातो आणि झोपतो. मालकाला हेच सोयीचं असतं. मी सुपरवायझर आहे, म्हणून सांगतो.

कतरिना वादळानंतर, २००६ च्या अखेरीपासून, सिग्नल इंटरनॅशनल कंपनीनं सुमारे ५०० भारतीय वेल्डर-पाइपफिटर मिसिसिपी आणि टेक्सासच्या यार्डांत आणले. भरतीचा एजंट आपल्या मुंबईचा. ग्रीन कार्डाच्या आशेवर माणसांनी घरं-दागिने गहाण टाकून दहा-दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त भरले. हातात पडला एच-२बी व्हिसा, एकाच कंपनीला बांधलेला. एका ट्रेलरमध्ये २४ जण, आणि त्याचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून वजा.

त्यांच्यातही कुणी जेवणावर चिडलेला, कुणी जागेवर, कुणी कर्जावर. भाषाही वेगवेगळ्या. न्यू ऑर्लिन्सच्या कामगार केंद्राच्या मदतीनं ते एकत्र बसले तेव्हा कळलं, की सगळ्यांची मुळी एकच आहे. मार्च २००८ मध्ये सुमारे १०० जणांनी गेटवर हेल्मेटं टाकली आणि बाहेर पडले. पुढे वॉशिंग्टनला जाऊन उपोषण केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्युरीनं पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलर दिले. त्याच वर्षी कंपनीनं माफी मागून २ कोटींचा समझोता केला, दिवाळंही काढलं. सात वर्षं गेली यात, हे विसरू नका.

१९३५ च्या इथल्या कायद्यानं, पगार किंवा कामाच्या स्थितीबद्दल दोघांनी मिळून बोललं तर त्याबद्दल काढून टाकता येत नाही. कागद नसलेलाही यात येतो, फक्त बेकायदा काढल्याची पगारभरपाई त्याला मिळत नाही (सुप्रीम कोर्ट, २००२). शेतमजूर आणि सुपरवायझर या कायद्यात नाहीत. म्हणजे मीही नाही.

तेव्हा बैठक तुम्हीच घ्या, मुकादमाला बोलवू नका. तो बसला की कुणी खरं बोलत नाही. जो कधी बोलत नाही त्याला आधी बोलू द्या. मोठ्या आवाजाचा शेवटी. 'पाणी नाही' असं न लिहिता 'सोमवारपासून प्रत्येक मजल्यावर थंड पाणी' असं लिहा. ज्यावर सगळ्यांनी मान हलवली तेवढंच कागदावर ठेवा, मग दोन मुद्दे उरले तरी चालतील. तो घेऊन एकटा जाऊ नका, दोघं-तिघं जा. कागदाचा फोटो तारखेसकट प्रत्येकाच्या फोनात असू द्या.