चौकोन आणि त्यामागची शिल्लक

दुकानाच्या गल्ल्याजवळ चिकटवलेला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आता व्यापारी कुटुंबांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. ग्राहक मोबाईल समोर धरतो, रक्कम जमा झाल्याचा आवाज येतो आणि व्यवहार पुरा होतो. हाच चौकोन घरातील मुलांच्या दप्तरातही आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत तो छापलेला असतो. मात्र तेथे त्याच्यासमोर मोबाईल क्वचितच धरला जातो.

क्यूआर कोडचा जन्म शाळेसाठी झाला नव्हता आणि दुकानासाठीही नव्हता. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो सिद्ध केला. जुन्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरे मावत. या चौकोनात चार हजारांहून अधिक मावतात. शिवाय त्याचा जवळजवळ तीस टक्के भाग मळला वा फाटला तरी तो वाचता यावा, अशीही सोय त्यात करता येते. कारखान्यातील तेलकट हातांचा विचार करून केलेली ही व्यवस्था पहिली-दुसरीच्या मुलांच्या पुस्तकांनाही चपखल लागू पडावी, हा योग मोठा मौजेचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले रुजू झाले. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते शिक्षकी पेशाकडे वळले होते. शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. एका बाजूस गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूस सामानाची खोली. मुलींची उपस्थिती नगण्य होती, कारण त्यांची लग्ने लवकर होत. अशा ठिकाणी डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडसमोर मोबाईल धरला, की कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे, स्वाध्याय उघडे. पुढे राज्यानेही ही कल्पना स्वीकारली, आणि २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठामुळे ती देशभर पोहोचली.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. कोडमध्ये धडा नसतो; धडा जेथे ठेवला आहे, तेथला केवळ पत्ता असतो. म्हणजे तो धनादेशासारखा आहे. धनादेशाचा कागद कितीही सुबक असो, खात्यात शिल्लक नसेल तर तो वटत नाही. कोड तयार करावयास काही क्षण पुरतात आणि पैसाही लागत नाही. खर्च होतो तो शिल्लक उभी करण्यात. कविता योग्य उच्चारात म्हणावी लागते, चूक झाल्यास पुन्हा म्हणावी लागते. कोणत्या मुलाला कोणते उदाहरण अडते हे पाहून त्याला पुरेल एवढाच स्वाध्याय रचावा लागतो. महाग पडदे आणि संगणक घेऊन पाटी लावणाऱ्या शाळांत नेमकी हीच शिल्लक पुष्कळदा आढळत नाही. पालक शुल्क भरतात, पडदा भिंतीवर असतो, आणि त्यावर दिसते ते पुस्तकाचेच पान. खरेदीस भांडवली खर्च म्हणता येईल. त्यास अध्यापन म्हणता येत नाही.

दुसरी अडचण घरातली. मोबाईल वडिलांच्या खिशात आणि वडील शेतावर किंवा दुकानात. टाळेबंदीच्या काळात ही अडचण खेड्यात दिसली तशीच बाजारपेठेतल्या घरांतही दिसली. दुकानाचा एकमेव चांगला फोन मागणीच्या नोंदीत गुंतलेला आणि भावाबहिणीच्या तासाची वेळ एकच! अशा वेळी फोन बहुधा भावाकडे गेला. परितेवाडीच्या गोष्टीत म्हणूनच मुलींचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गावातील अल्पवयीन विवाह थांबले आणि मुलींची उपस्थिती पूर्ण झाली, असे पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीत नमूद होते. केवळ चौकोनाने हे घडणे शक्य नाही. त्यासाठी शिक्षकाला उंबरठे झिजवावे लागतात.

तो पुरस्कार म्हणजे वार्की फाउंडेशनचा जागतिक शिक्षक पुरस्कार. १४० हून अधिक देशांतील बारा हजारांवर नामांकने व अर्ज आले होते. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून ऑनलाइन समारंभात डिसले यांचे नाव घोषित झाले. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सात कोटी रुपये. त्यांनी तेथल्या तेथे निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. प्रत्येकाच्या वाट्याला पंचावन्न हजार डॉलरहून थोडी अधिक रक्कम आली. त्या नऊ जणांत ब्राझीलमधील एक शिक्षिका होत्या; कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेतील चित्रफिती त्या तयार करतात. व्हिएतनाममधील दुसऱ्या शिक्षिका डोंगराळ भागातील आपल्या विद्यार्थ्यांना पडद्यावरून परदेशी मुलांशी इंग्रजीत बोलावयास लावतात.